दत्तक मूल आणि देशाची वेस

दत्तक हा शब्द आपल्या घरांतला जुना शब्द आहे. वतन, वारसा, पिंडदान आणि भाऊबंदकी यांच्याशीं तो इतका निगडित झालेला आहे कीं, दत्तक म्हटलें म्हणजे ज्याला मूल नाहीं त्याची सोय, हाच अर्थ आपल्या मनांत प्रथम उभा राहतो. मुलाची सोय हा अर्थ मागाहून आला. कायद्यांत तर तो फारच उशिरां शिरला. आज मला ज्या दत्तकाविषयीं बोलावयाचें आहे त्यांत आणखी एका अडचणीची भर पडलेली असते. मूल एका देशांत आणि त्याला घेणारीं माणसें दुसऱ्या देशांत, अशी ती स्थिति आहे. एके काळीं हा विषय परकी जोडपीं आणि अनाथाश्रम यांच्यापुरता होता. आतां तसें राहिलेलें नाहीं. पुण्यामुंबईच्या, साताऱ्यानागपूरच्या किती तरी कुटुंबांतील माणसें अमेरिकेंत आणि इतरत्र कायमचीं राहिलीं आहेत, आणि हा प्रश्न आपल्या माजघरांत येऊन बसला आहे.

श्रोतेहो, एक कल्पित उदाहरण घेऊं. पुढील विवेचनास तें उपयोगी पडेल. साताऱ्यास आजीपाशीं राहणारी आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिचे आईबाप दोघेही वारले आहेत. तिचा मामा आणि मामी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात; दोघेही तिकडचे नागरिक झालेले आहेत. आजीचें वय सत्तरीच्या पुढें गेलेलें. मुलीनें मामाकडे जावें याविषयीं घरांत दुमत नाहीं. नाताळच्या सुटींत मामा-मामी तीन आठवड्यांसाठीं येतात. भटजी येतात, दत्तहोम होतो, आजी नातीला मामीच्या ओटींत घालते, सर्वांचे डोळे भरून येतात. दुसऱ्या दिवशीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत दत्तकपत्र नोंदविलें जातें, आणि मामा व्हिसाच्या चौकशीस लागतो. त्याच्या समजुतीप्रमाणें आतां फक्त तिकीट काढावयाचें राहिलें आहे. वास्तविक पाहतां काम पुरें झालेलें नसून तें अधिक अवघड होऊन बसलेलें असतें. आणि यांत कोणाचाही हेतु वाईट नसतो, हेंच या प्रकारांतील खरें दुःख आहे.

असें कां व्हावें? ज्याला आपण ‘मूल घेणें’ म्हणतों त्यांत चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मुलाला संभाळण्याचा अधिकार ही एक. आईबाप आणि अपत्य हें नातें ही दुसरी. परक्या देशांत शिरून तेथें राहण्याची परवानगी ही तिसरी. आणि त्या देशाचें नागरिकत्व ही चौथी. या चारही गोष्टी निरनिराळे कायदे आणि निरनिराळे अधिकारी देतात. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाहीं, दुसरी मिळाली म्हणून तिसरी मिळत नाहीं, आणि तिसरीच्या मागोमाग चौथी येईलच असा भरंवसा पूर्वीं मुळींच नव्हता. शिवाय यांना एक क्रम आहे. क्रम चुकला तर एक दार उघडतांना दुसरें बंद होतें.

पहिली गोष्ट पालकत्वाची. आपल्या देशांत याविषयींचा मुख्य कायदा १८९० सालचा आहे. पालक व पाल्य यांचा कायदा असें त्याचें नांव असून तो अद्याप अंमलांत आहे. अज्ञान मुलाच्या शरीराचा अथवा मिळकतीचा पालक कोणीं व्हावें हें कोर्ट त्या कायद्यान्वयें ठरवितें, आणि ठरवितांना मुलाचें हित ही कसोटी लावितें. पण पालक हा विश्वस्त असतो, बाप नव्हे. पालकाच्या मिळकतींत पाल्याला वारसा पोहोंचत नाहीं. पाल्य अठरा वर्षांचा झाला कीं पालकाचा अधिकार संपतो. कोर्टानें पालक नेमलेला असल्यास ही मर्यादा पूर्वीं एकवीस वर्षांची होती, ती १९९९ सालीं अठरावर आली. आणखी एक कलम फार महत्त्वाचें आहे, आणि तें बहुतेकांना ठाऊक नसतें. कोर्टानें नेमलेल्या पालकाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर मुलाला न्यावयाचें झाल्यास सामान्यतः कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे साताऱ्याच्या कोर्टानें मामास पालक नेमलें, तरी न्यू जर्सीची गोष्ट दूरच, भाचीला जिल्ह्याबाहेर बिऱ्हाड करून ठेवावयाचें तरी त्याला विचारावें लागेल.

असा हा मर्यादित कायदा. पण अनेक दशकें परदेशीं जाणाऱ्या मुलांचा सारा व्यवहार याच कायद्याच्या आधारानें चालला. कारण उघड होतें. हिंदु दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालीं झाला, तो हिंदूंपुरता. आणि या कायद्याच्या दृष्टीनें बौद्ध, जैन व शीख हेही हिंदूंतच येतात. मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी यांना, तसेंच परकी जोडप्यांना, येथें दत्तक घेण्याचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. दत्तकाचा सर्वसाधारण कायदा करण्याचीं विधेयकें १९७२ आणि १९८० सालीं पार्लमेंटापुढें आलीं. तीं तशींच राहिलीं. मग परकी जोडपें कोर्टांत पालकत्वाचा अर्ज करी, कोर्ट त्यांना पालक नेमून मूल देशाबाहेर नेण्याची परवानगी देई, आणि खरें दत्तविधान मुलाच्या नव्या देशांत, तेथील कायद्याप्रमाणें, मागाहून होई. मुंबई हायकोर्ट अशा अर्जांवर इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअर या संस्थेचा अभिप्राय मागवीत असे, ही चाल चांगली होती. परंतु सर्वत्र अशी दक्षता नव्हती, आणि मूल म्हणजे मागणी असलेला माल आहे असें समजणारे मध्यस्थ या व्यवहारांत शिरले.

१९८२ सालीं लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिलें. परदेशीं मुलें देण्याच्या कामांत चालणारे गैरप्रकार त्यांत मांडलेले होते. न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून स्वीकारलें, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं न्यायमूर्ति भगवती यांनीं दीर्घ निकाल दिला. मुलाला प्रथम त्याच्या स्वतःच्या देशांत घर मिळवून देण्याचा प्रयत्न व्हावा. तें न साधल्यासच परदेशाचा विचार व्हावा. परकी अर्जदारानें थेट न येतां आपल्या देशांतील मान्य संस्थेमार्फत यावें. त्या संस्थेनें त्याच्या घराची, मिळकतीची आणि स्वभावाची पाहणी करून अहवाल द्यावा. मूल तिकडे गेल्यावर त्याच्या प्रगतीचीं पत्रें येत राहावीं, असा त्या निकालाचा गाभा आहे. कायदेमंडळानें जें करावयाचें तें येथें न्यायासनानें केलें. १९९० सालीं दिल्लीस निघालेली केंद्रीय दत्तक संस्था, जिला आज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणतात, ती या निकालाच्याच प्रेरणेनें जन्मास आली असें म्हटल्यास चुकणार नाहीं. पुढें तिचा उल्लेख मी नुसता ‘प्राधिकरण’ असा करीन; तिचें पूर्ण नांव उच्चारण्यांतच वेळ जातो.

आतां दुसरी गोष्ट, नात्याची. येथें आपण साताऱ्याच्या घरीं परत येऊं. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें या मुलीचें दत्तविधान होऊंच शकलें नसतें. दत्तक घ्यावयाचा तो मुलगा; मुलगी नव्हे. आणि बहिणीचा मुलगाही त्रैवर्णिकांना सामान्यतः वर्ज्य असे. १९५६ च्या कायद्यानें हे दोन्हीही निर्बंध दूर केले, त्याबद्दल त्याला श्रेय दिलेंच पाहिजे. पण त्या कायद्याच्या स्वतःच्या अटी आहेत. मुलगी दत्तक घ्यावयाची तर घेणाऱ्याला स्वतःची हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी असतां कामा नये. मामाला एक कन्या असेल तर येथेंच सर्व संपलें. पुरुषानें मुलगी घ्यावयाची तर दोघांच्या वयांत निदान एकवीस वर्षांचें अंतर पाहिजे. आणि मूल द्यावयाचा अधिकार आईबापांचा आहे. ते दोघेही हयात नसल्यास मुलाला संभाळणारा पालक देऊं शकतो, पण त्यासाठीं कोर्टाची परवानगी आधीं घ्यावी लागते. आजीनें ती घेतलेली नाहीं. म्हणून तो होम, तें ओटींत घालणें आणि तो नोंदविलेला दस्त, सर्व मुळांतच निरर्थक ठरतें. गंमत अशी कीं, ज्याच्यासाठीं भटजींना बोलावलें तो दत्तहोम कायद्यानें आवश्यक नाहीं; ज्यासाठीं कोणालाही बोलावलें नाहीं ती परवानगी मात्र आवश्यक आहे.

दत्तकाची जागा आणि विधि यांवरून माणसें किती काळ भांडतात याचें उदाहरण महाराष्ट्राला नवें नाहीं. लोकमान्य टिळक ज्यांत विश्वस्त होते तें पुण्याचें ताईमहाराज प्रकरण पुष्कळांना स्मरत असेल. १९०१ सालीं औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या मुलखांत, झालेलें तें दत्तविधान. तें झालें कीं नाहीं याचा वाद पुण्याच्या कोर्टापासून वर चढत चढत १९१५ सालीं विलायतेस प्रिव्ही कौन्सिलांत मिटला. तेथें प्रश्न इस्टेटीचा होता आणि चौदा वर्षें थांबण्यास इस्टेटीची हरकत नव्हती. मुलाचें वय मात्र थांबत नाहीं. अमेरिकेच्या दृष्टीनें सोळावें वर्ष ही साधारणपणें शेवटची रेषा आहे. ती ओलांडलेलें मूल दत्तक म्हणून तिकडे जाऊं शकत नाहीं.

परदेशाचा प्रश्न आला कीं, १९५६ च्या कायद्यावर दुसरे दोन दस्तऐवज येऊन बसतात. एक हेग येथें २९ मे १९९३ रोजीं मंजूर झालेला आंतरराष्ट्रीय करार. एका देशांतील मूल दुसऱ्या देशांत दत्तक जात असतां दोन्हीही देशांच्या मध्यवर्ती संस्थांनीं एकमेकांशीं पत्रव्यवहार करून, एकमेकांची संमति घेऊन तें काम करावें, असा तो करार आहे. मूल तिकडे शिरूं शकेल आणि कायमचें राहूं शकेल, अशी ग्वाही घेणाऱ्या देशानें आधीं द्यावयाची. मग मुलाला सोपवावयाचें. हा क्रम त्या करारांतच आहे. भारतानें तो २००३ सालीं स्वीकारला. अमेरिकेंत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. दुसरा दस्तऐवज आपला २०१५ चा बालन्याय कायदा. त्याच्या आधींच्या २००० च्या कायद्यानें धर्माचा भेद न करितां अनाथ मुलांना दत्तक घेण्याची वाट उघडली होती, आणि ती सर्वधर्मीयांना खुली आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं स्पष्ट केलें. २०१५ च्या कायद्यानें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, परदेशीं जाणारें दत्तक याच कायद्याप्रमाणें झालें पाहिजे. योग्य हुकुमावांचून मूल परदेशीं नेणें अथवा पाठविणें हा गुन्हा आहे.

नातेवाइकांसाठीं या कायद्यांत स्वतंत्र कलम आहे. परदेशांत राहणाऱ्या नातेवाइकानें येथील नातेवाइकाचें मूल घ्यावयाचें तर हुकूम मिळवावा आणि प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा. मात्र नातेवाईक कोण, हें कायद्यानें मोजून सांगितलें आहे: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. आमच्या उदाहरणांतील मामा त्यांत बसतो. तोच मामा नसून मुलीच्या आईचा चुलतभाऊ असता, तर आपण त्याला मामाच म्हटलें असतें. कायद्यानें म्हटलें नसतें. आपल्या भाषेंत नात्यांना सैल नांवें असतात आणि त्यांतच आपल्या कुटुंबाचा गोडवा आहे, पण कचेरींत ती सैलता चालत नाहीं.

हा हुकूम पूर्वीं कोर्ट देत असे. २०२१ सालीं कायद्यांत दुरुस्ति झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपला कलेक्टर, देतो. अर्जाचा निकाल दोन महिन्यांत व्हावा, चौकशी बंद खोलींत व्हावी, मुलाच्या इच्छेचा त्याच्या वयाच्या आणि समजुतीच्या मानानें विचार व्हावा, असें कायदा म्हणतो. कोर्टांत हें काम रेंगाळत होतें, हें खरें. वेग हा मुलाच्या बाबतींत क्षुल्लक गुण नव्हे. तथापि आईबाप आणि अपत्य हें नातें निर्माण करण्याचा हुकूम न्यायाधीशाच्या हातून निघून दुष्काळ, निवडणुका आणि जमीनमहसूल पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातीं जावा, हें मला स्वतःला फारसें रुचत नाहीं.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. आणि येथेंच बहुतेकांची नाव फुटते. अमेरिकेची रीत अशी आहे. प्रथम मामा-मामींनीं तेथील मान्य संस्थेकडून आपल्या घराची पाहणी करून घ्यावयाची. मग त्या सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-८००ए नांवाचा अर्ज करावयाचा. हा अर्ज मुलाविषयीं नसतो. तो घेणाऱ्यांच्या योग्यतेविषयीं असतो. बोटांचे ठसे, पूर्वचरित्र, उत्पन्न, सर्व त्यांत तपासलें जातें. तो मंजूर झाल्यावर आणि दोन्हीकडच्या मध्यवर्ती संस्थांत मुलीची माहिती पोहोंचल्यावर आय-८०० हा दुसरा अर्ज. हा विशिष्ट मुलासाठीं असतो, व तो सामान्यतः मूल सोळा वर्षांचें होण्यापूर्वीं दाखल झाला पाहिजे. त्याला तात्पुरती मंजुरी मिळाली आणि मूल येऊं शकेल असें अमेरिकेच्या वकिलातीनें आपल्या प्राधिकरणास कळविलें कीं, मगच येथें दत्तकाचा हुकूम मागावयाचा. हुकूम झाला म्हणजे प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला, त्यानंतर हें दत्तविधान हेग कराराप्रमाणें झाल्याचें प्रमाणपत्र, मग पासपोर्ट आणि शेवटीं व्हिसा.

आमच्या मामानें सर्वांत शेवटचें काम सर्वांत आधीं केलें. तात्पुरती मंजुरी मिळण्यापूर्वींच दत्तविधान झालेलें असल्यास तो दुसरा अर्ज नामंजूर करावा, असा अमेरिकेचा नियम आहे. तें दत्तविधान रद्द झाल्यास किंवा तसाच अन्य मार्ग निघाल्यासच पुन्हां आरंभ करितां येतो. आणि आपला १९५६ चा कायदा म्हणतो कीं, विधिवत् झालेलें दत्तक कोणालाही रद्द करितां येत नाहीं! या दोन कायद्यांच्या कात्रींत सांपडलेल्या कुटुंबाची कल्पना करा. साताऱ्याच्या मुलीला एका चुकीनें दुसऱ्या चुकीपासून वांचविलें. आजीनें कोर्टाची परवानगी घेतलेली नसल्यामुळें तें दत्तविधान मुळांतच व्यर्थ आहे, तेव्हां वकिलाला निदान कांहीं तरी वाट दिसेल. सर्व रीतसर झालें असतें तर ती वाटही राहिली नसती. २०२१ सालीं आपल्याकडील नियमांत दुरुस्ति होऊन, हिंदु कायद्याप्रमाणें झालेल्या दत्तकांनाही जिल्हादंडाधिकाऱ्याच्या पडताळणीनंतर प्राधिकरणाचा दाखला मिळण्याची सोय झाली आहे. ती उपयुक्त आहे. पण आपल्या बाजूचा दाखला समोरच्या देशाचें कुलूप उघडीत नाहीं.

अशा वेळीं कोणी तरी हितचिंतक सल्ला देतो कीं, मुलीला प्रवासी व्हिसावर न्या आणि तिकडे गेल्यावर काय तें पाहा. हा सल्ला सर्वांत घातक आहे. तेथील एखाद्या राज्याचें कोर्ट कदाचित् दत्तविधानाचा हुकूम देईलही, कारण तें मुलाचें हित पाहतें. पण इमिग्रेशन खातें त्या हुकुमानें बांधलेलें नाहीं. मग मूल कायद्यानें मामाचें होतें, आणि त्याच मामाच्या घरीं राहण्याचा त्याला अधिकार नसतो. शिवाय प्रवासाचा बहाणा करून मूल नेल्याचा ठपका दोन्हीही देशांत येतो तो निराळाच.

एक लांबची पण सरळ वाट आहे. मूल सोळा वर्षांचें होण्यापूर्वीं विधिवत् दत्तक झालें असेल, आणि दत्तक घेणाऱ्यांनीं त्याचा कायदेशीर ताबा घेऊन अमेरिकेबाहेर निदान दोन वर्षें त्याच्यासह प्रत्यक्ष वास्तव्य केलें असेल, तर हेगच्या वाटेनें न जातां सामान्य अपत्याप्रमाणें अर्ज करितां येतो. मामीनें नोकरी सोडून दोन वर्षें साताऱ्यास येऊन राहावें, असा त्याचा व्यवहारांतला अर्थ. जे अद्याप अमेरिकेचे नागरिक झालेले नाहींत, नुसते ग्रीन कार्डावर आहेत, त्यांना तर हेगची वाट बंदच आहे. दोन वर्षांची हीच त्यांची वाट, आणि ती पुरी झाल्यावर पुन्हां व्हिसाच्या रांगेंत थांबणें आहे. इतकीं वर्षें आपलें ग्रीन कार्ड न गमावतां देशाबाहेर कसें राहावें, हा प्रश्न त्यांनीं आधींच एखाद्या जाणत्या वकिलास विचारावा.

नात्यांत मूल नसून ज्यांना संस्थेंतील मूल हवें आहे त्यांच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. ‘अमुक आश्रमांतील अमुक मूल आम्हांस द्या’ असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं. बालकल्याण समितीनें मूल दत्तकासाठीं मोकळें असल्याचें ठरवावें लागतें, नोंदणी प्राधिकरणाच्या यंत्रणेंतूनच होते, आणि परदेशांत राहणाऱ्या भारतीय नागरिकांचा क्रम येथील जोडप्यांच्या बरोबरीनें लागतो. साठ दिवसांत अशा कुटुंबांत मुलाची सोय न झाल्यास मगच तें परकी जोडप्यांसाठीं खुलें होतें. भावंडें, पांच वर्षांवरील मुलें आणि व्यंग असलेलीं मुलें यांना परदेशीं पाठविण्यांत अग्रक्रम आहे. येथें त्यांना कोणी विचारीत नाहीं म्हणून. हें वाक्य कायद्यांत लिहिलेलें नाहीं, पण कायद्याचें कारण तेंच आहे. आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेतां येत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

उलट दिशेचा प्रवासही क्वचित् घडतो. येथील नागरिकानें परदेशांतील मूल घेतलें, तर दत्तविधान त्या देशाच्या कायद्याप्रमाणें पुरें व्हावें लागतें आणि मूल आपल्या परकी पासपोर्टावर, भारताचा व्हिसा घेऊनच येथें येतें. ओटींत घेतल्यानें मूल आपलें होतें. भारतीय होत नाहीं.

राहिली चौथी गोष्ट, नागरिकत्वाची. मघाशीं मी सांगितलें कीं, पूर्वीं मुलें पालकत्वाच्या हुकुमावर परदेशीं जात आणि दत्तविधान मागाहून होई. या ‘मागाहून’ शब्दानें पुष्कळ मुलांचा घात केला. नव्या आईबापांनीं आळस केला, घटस्फोट घेतला, मूल दुसऱ्याच्या हवालीं केलें, किंवा दत्तविधान केलें पण नागरिकत्वाचा वेगळा अर्ज करावयाचा असतो हें त्यांना ठाऊकच नव्हतें. मूल मोठें झालें, तेथेंच शिकलें, इंग्रजीवांचून दुसरी भाषा त्याला येईना. आणि तिशी-चाळिशींत एखाद्या गुन्ह्याच्या निमित्तानें किंवा पासपोर्टासाठीं अर्ज केला असतां त्याला कळलें कीं, आपण या देशाचे नागरिकच नाहीं. दक्षिण कोरियांतून लहानपणीं गेलेल्या कांहीं प्रौढ माणसांना अशा रीतीनें अमेरिकेनें त्यांच्या जन्मदेशीं परत पाठविलें. भारतांतून गेलेल्यांतही असें घडल्याचें वर्तमानपत्रांतून आलें आहे. ज्या गांवाची एकही गल्ली ओळखीची नाहीं, जेथील भाषेंत पाणी मागतां येत नाहीं, तेथें हीं माणसें विमानांतून उतरलीं, आणि कायद्याच्या भाषेंत त्याला ‘स्वदेशीं परत पाठविणें’ असें म्हणतात.

अमेरिकेनें २००० सालीं कायदा करून यावर उपाय केला. तो २७ फेब्रुवारी २००१ पासून अंमलांत आला. पुरें दत्तविधान झालेलें अठरा वर्षांखालील मूल कायमच्या वास्तव्याच्या व्हिसावर येऊन नागरिक असलेल्या आईबापांपाशीं राहूं लागलें कीं, तें आपोआप नागरिक होतें. पण त्या दिवशीं ज्यांचें वय अठराच्या पुढें गेलेलें होतें त्यांना या कायद्याचा लाभ मिळाला नाहीं. ती उणीव भरून काढण्याचीं विधेयकें तेथील काँग्रेसपुढें एकाहून अधिक वेळां आलीं. आणि आजही व्हिसाचे दोन प्रकार आहेत, ते नीट वाचावे. दत्तविधान येथें पुरें होऊन मूल गेलें तर त्याला आयएच-३ हा व्हिसा मिळतो, आणि आईबापांपाशीं राहण्यास तें अमेरिकेंत उतरतांच नागरिक होतें. केवळ ताबा अथवा पालकत्व घेऊन गेलें तर आयएच-४. मग तिकडे दत्तविधान पुरें होईपर्यंत तें नुसतें रहिवासी असतें. व्हिसावर छापलेला हा एक आंकडा कोणीं तरी ध्यानांत ठेवावा लागतो, आणि आठ वर्षांची मुलगी तो ठेवूं शकत नाहीं.

साताऱ्याच्या मुलीचें काम रीतसर झालें असें समजूं. ती गेल्यावर पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं आणि दुसऱ्या वर्षीं दर सहा महिन्यांनीं तिच्या प्रकृतीचा, शाळेचा आणि घरांतील रुळण्याचा अहवाल तेथील संस्थेनें पाठवावयाचा असतो. ती तिकडची नागरिक झाली म्हणजे येथील नागरिकत्व संपतें. तिचा भारतीय पासपोर्ट परत करून परदेशस्थ भारतीयाचें कार्ड घ्यावें, म्हणजे आजीला भेटावयास येतांना दर वेळीं व्हिसा मागावा लागणार नाहीं. आणि मामानें अमेरिकेच्या नागरिकत्वाचें प्रमाणपत्र हातीं आल्याची खात्री करून घ्यावी. आईबापांचे मृत्युदाखले, मुलीचा जन्मदाखला, कलेक्टराचा हुकूम, प्राधिकरणाचे दोन्ही दाखले आणि हें प्रमाणपत्र, यांच्या नकलांचा एक संच न्यू जर्सीस व एक साताऱ्यास ठेवावा. आपण कोठून आलों याची चौकशी करण्याचा हक्क दत्तक मुलाला नियमांनीं दिलेला आहे. अठरा वर्षें पुरीं झाल्यावर ती मुलगी तो एकटीनें बजावूं शकेल.